साडेसातची प्रार्थना

वहिनींचा फोन दुपारी आला. "भाऊजी, ट्रॉलीनं उडवलं ह्यांना. तुमी निघा," एवढंच त्या म्हणाल्या. नगरहून निघून मी कोपरगावच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा माझा थोरला भाऊ शामुवेल शवागारात होता. पुणतांब्याच्या रस्त्याने तो दुधाची किटली घेऊन कडेकडेने चालला होता. कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या ट्रॅक्टरची मागची रिकामी ट्रॉली वळणावर बाहेर फेकली गेली आणि तिने त्याला बाभळीच्या झाडावर दाबलं. छातीचा पिंजरा आत गेला होता. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला घरी आला. कागदावरून नजर न काढता त्याने विचारलं, "उजवा हात मनगटापासून नाही. हे आत्ताचं की जुनं?" जुनं, मी म्हणालो. "कशामुळं?" मी उत्तर देण्याआधी दारात उभी असलेली दादाची अकरा वर्षांची मुलगी रूथ म्हणाली, "माझ्यामुळं." हवालदाराने ते लिहून घेतलं नाही.

दादा साखर कारखान्यात फिटर होता. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. त्याच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला प्रार्थना व्हायची. आधी गीत, मग शास्त्रपाठ, मग मुलांपैकी एकाने स्वतःच्या शब्दांत देवाकडे मागायचं. पाठ केलेलं चालत नसे. आणि मूल जे मागेल त्यावर घरातल्या प्रत्येकाने मोठ्याने आमेन म्हणायचं, हा दादाचा नियम. "पोराला कळलं पायजे, घर आपल्या मागं उभं हाय," असं तो सांगायचा. पाचव्या वर्षी रूथ गाईच्या सुजलेल्या खुरासाठी मागायची. सहाव्या वर्षी तिने शेजारच्या कोंबड्या पळवणाऱ्या मुंगसासाठी मागितलं, त्याला दुसरीकडं खायला मिळू दे. पुढे ती देवाला जाब विचारू लागली, "काल सांगितलं हुतं, ध्यानात हाय का?" अशा वेळी दादा मिटल्या डोळ्यांनी हसायचा. ते मी पाहिलेलं आहे.

तोच दादा मारायचा. मशीनच्या तुटक्या पट्ट्याचा हातभर तुकडा त्याच्या मांडीखाली असे. शास्त्रातलं वचन चुकलं की एक, प्रार्थनेत डोळे उघडले की एक. मी एकदा म्हणालो, "दादा, त्यांचे डोळे उघडे होते हे तुला दिसलं कसं?" "बाप हाय मी," तो म्हणाला. "अन तू बी उघडेच ठिवले हुते, म्हनून इचारतोस." वहिनी हसल्या. मुलं हसली नाहीत.

चार वर्षांपूर्वी धाकटा योहान चार वर्षांचा होता आणि रूथ सात. गीत चालू असताना योहान झोपेने कलंडला. पट्टा पाठीवर बसायचा तो कानावर बसला. कानाची पाळी फाटली, रक्त मानेवरून सदऱ्यात गेलं. दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. मागायची पाळी रूथची होती. तिने हात जोडले आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "प्रभू, पप्पांचा हात तुटू दे. लवकर तुटू दे. येशूच्या नावानं मागते."

सगळ्यांत आधी योहान म्हणाला, आमेन. त्याला फक्त नियम माहीत होता. मग वहिनी म्हणाल्या, हळू. मग मी म्हणालो. शेवटी दादा म्हणाला. त्यानंतर त्याने पट्टा काढला आणि रूथला मारायला सुरुवात केली. मी आणि वहिनींनी मिळून त्याला मागे ओढलं, तोवर तिच्या पायांवर लाल वळ उठले होते. ती रडली नाही.

अकराव्या दिवशी गोठ्यातलं कडबाकुट्टीचं मशीन अडकलं. लाईट गेलेली होती. दादाने बटण बंद न करता आत हात घातला आणि अडकलेली कडब्याची ताटं उपसू लागला. तेवढ्यात लाईट आली. रूथ पाणी घेऊन तिथेच उभी होती. हात मनगटापासून गेला. पाती फिरत राहिली, कुट्टीच्या ढिगावर रक्त उडत राहिलं आणि बटण शेवटी रूथने बंद केलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती आईला म्हणाली, "मी लवकर म्हनले हुते."

वहिनींनी ते दादाला सांगितलं नाही. जखम भरल्यावर दादाने चर्चमध्ये साक्ष दिली. आपला हात देवाने घेतला, लेकरांवर उगारला म्हणून घेतला, असं तो सगळ्यांसमोर रडत बोलला. लोक रडले. पुढच्या चटईवर रूथ बसली होती. त्या दिवसापासून प्रार्थनेत तिची पाळी आली की ती डोळे मिटून गप्प राही. हात गेल्यावर दादा बदलला असं लिहिणं सोपं आहे. तो डाव्या हाताने मारायला शिकला. पट्टा कमी वेळा निघायचा, पण निघायचा. रूथला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही.

तिच्या गप्प राहण्याचं कारण त्याला वर्षभराने कळलं, वहिनींकडूनच. मी त्या आठवड्यात सुट्टीवर त्यांच्याकडेच होतो. त्याने रूथला गोठ्यात नेलं, मशीनपुढे उभं केलं. "हे बटन कुनी बंद करायचं हुतं? देवानं? मी फिटर हाय. शिकाऊ पोरांना मी ह्याच्यासाठी शिव्या घालतो. मी बंद केलं न्हाई. लाईट आली. एवढंच झालं." "मग देवानं माझं ऐकलं न्हाई?" तिने विचारलं. "न्हाई ऐकलं," दादा म्हणाला. ज्या माणसाने गाईचं खूर बरं झालं तरी देवाचं नाव घेतलं, त्याने हे सांगितलं. रविवारी तो चर्चमध्ये पुन्हा उभा राहिला. "मागं दिलेली साक्ष खोटी हुती. देवानं काय घेतलं न्हाई. मी गाढवासारखा हात घातला." पाळक खाली बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्याला ताप आलाय का?" रूथने त्याच्याकडे पाहिलं, पण संध्याकाळी ती बोलली नाही. पुढची तीन वर्षंही बोलली नाही.

दफनाला सव्वा महिना झाला. मी गेल्या आठवड्यात गेलो होतो. साडेसातला वहिनींनी चटई घातली. योहान आता आठ वर्षांचा आहे, पाळी त्याची होती. त्याने मुठी आवळल्या होत्या. "प्रभू," तो म्हणाला, "ट्रॉलीवाल्याची मान मोडू दे. त्याच्या पोरांसमोर मोडू दे. येशूच्या नावानं मागतो."

नियमाप्रमाणे वहिनींनी आमेनसाठी श्वास घेतला, तेवढ्यात रूथने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "कुनी म्हनू नका," ती म्हणाली. त्या वेळेला, त्या चटईवर, चार वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

योहान उसळला. "का? त्यानं पप्पांना मारलं! पप्पा म्हनायचे, सगळ्यांनी म्हनायचं! म्हन की तू!" त्याने तिच्या दंडावर गुद्दा मारला, मग दुसरा. तिने आईच्या तोंडावरचा हात काढला नाही.

"आन देवानं ऐकलं तर?" ती म्हणाली.