विहिरीवरची सहा मिनिटं

विहिरीत उतरण्याआधी मोटरचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा, ही माझ्या मामांची जुनी सवय. ती मी मोडली. तोंडाने सांगून नाही, मी तोंडाने कुणाला फारसं काही सांगत नाही. मी लिहिलेल्या कोडमुळे मोडली.

नवीन जालन्यात एका दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस आहे. शेतातल्या मोटरी आपोआप सुरू करणारे बोर्ड आम्ही बनवतो. लाईट आली की बोर्ड जागा होतो, घंटी वाजवतो, तीन मिनिटं थांबतो आणि मग मोटर लावतो. ते थांबणं माझ्याकडे होतं. बोर्डावर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, घंटीचा आणि मोटरचा कोड मी लिहिला होता. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला हे काम आवडतं.

पहिला बोर्ड हसनाबादला मामांच्या विहिरीवर लावला. महिन्याभराने त्यांचा फोन आला.

“माय, तीन मिनिटात माझे गुडघे वर येऊन न्हाई राह्यले.”

“किती करू, मामा?”

“दुप्पट कर. मोटरीला एवढी जल्दी कशाची?”

तिनाच्या जागी मी सहा लिहिले. ऑफिसातल्या टेबलावरच्या बोर्डात, तो बंद न करता, नवा कोड भरला. मोबाईल समोर ठेवून मोजलं. घंटी पूर्ण सहा मिनिटं वाजली, बाजूच्याने कान झाकून घेतले. रविवारी हसनाबादला जाऊन मामांच्या चालू बोर्डातही तसाच तो कोड भरला. बदल फक्त तिथेच होता, बाकीचे बोर्ड तीन मिनिटांचेच राहिले.

माझं काम झालं आणि पाचेक मिनिटांत लाईट गेली.

“बरं झालं,” मामा म्हणाले. “जाळीत शेवाळ अडकलंय. काढून येतो.”

“फ्यूज?”

“तुझी घंटी हाये ना.”

उन्हाळ्यामुळे पाणी कंबरेइतकं होतं. मोटर पाण्यातच बसवलेली. तिच्या तोंडाची जाळी काढून आत हात घातला, की बोटं पंख्यापाशी जातात. मी काठावर उकिडवी बसून त्यांचं टक्कल बघत होते. ऊन थेट तळाशी पोचलं होतं, तरी खालून गारवा येत होता.

बोर्डावर हिरवा दिवा लागला. लाईट आली होती. मी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला घंटी ऐकायची होती.

टण्.

एकच ठोका. मग बोर्डात खट् असा आवाज झाला आणि माझ्या पायाजवळचा पाइप दचकला. खाली पाणी घुसळलं. मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. शेजारच्या शेतातले पक्षीही गप्प होते, की मलाच ऐकू येत नव्हते, माहीत नाही. मी “मामा” म्हणून हाक मारली. विहिरीतून माझाच आवाज वर आला, पण थोडा उशिरा, आणि माझ्यापेक्षा मोठ्या बाईचा वाटला.

“लाईट आल्ती का?” शेवटी खालून आलं.

शेवाळाचा गोळा फेकायला त्यांनी नेमका तेव्हा हात बाहेर काढला होता. जाळी कशीबशी बसवून ते वर आले.

“घंटी कुठं गेली गं?”

लाईट कमी-जास्त झाली असेल, असं म्हणता आलं असतं. त्यांनी मानलंही असतं.

“घंटी ठीक आहे, मामा. चूक माझी आहे.”

“इंग्रजी शाळेत घड्याळ शिकवत न्हाईत का?” ते हसले. पण उजवा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता.

मोटरच्या तारा सोडून मी शेडमध्ये लॅपटॉप उघडला. मामा मेन स्विच पाडत होते, लावत होते. तीन मिनिटं लिहिली की घंटी पूर्ण वाजे. सहा लिहिली की एकच टण्. जास्त वेळ मागितला की अजिबातच मिळत नव्हता.

कर्नलमध्ये वेळेचे ठोके मोजणारा एक आकडा असतो. शेवटाला पोचला की मोटरसायकलच्या मीटरसारखा तो शून्यावर येतो. मी धरून चालले होते की तो शून्यापासून निघतो. पण आमच्या सिस्टीममध्ये त्याला मुद्दामच शेवटाच्या अलीकडून सोडतात. बोर्ड सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी तो उलटतो, म्हणजे माझ्यासारख्यांच्या चुका लवकर उघड्या पडाव्यात. तीन मिनिटं त्या उलटण्याच्या आत संपत होती. सहा मिनिटांची मुदत पलीकडे जात होती, आणि पलीकडचे आकडे लहान. माझा कोड नुसतं लहान-मोठं बघायचा. अजून न आलेली वेळ त्याला होऊन गेलेली दिसत होती. ऑफिसातला बोर्ड इन्व्हर्टरवर दिवसेंदिवस चालू असायचा, म्हणून त्याची पहिली पाच मिनिटं मी कधी पाहिलीच नव्हती.

अशा तुलनेची बरोबर रीत कर्नलमध्ये तयार असते. ती वापरून मी एक ओळ बदलली, मोटरच्या तारा जोडल्या आणि चप्पल काढली.

“कुठं निघालीस?”

“खाली. पाण्याला हात लावणार नाही, शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबते. तुम्ही लाईट लावा.”

“तुझी आई मला जित्ता ठेवंल का?”

“मामा, लावा ना.”

ते मेन स्विचकडे वळले. मी इतकं कधी बोलत नाही.

घंटी सुरू झाली. खालून ती पाण्यातून आल्यासारखी वाटत होती. मी मोबाईलवर मिनिटं बघत होते. तीन. चार. पाचव्याला आकडा उलटणार होता. पाइप हलला नाही, वारा तर आत येतच नव्हता, पण पाण्यावर एक बारीक थरथर आली आणि माझ्या पायरीपर्यंत येऊन विरली. कशाची, ते मला आजही सांगता येत नाही. घंटी वाजतच राहिली.

“ये वर, माय! बस झालं!”

मी वर पोचले तेव्हा मामांचा हात मेन स्विचवर होता, बोटं पांढरी पडलेली. सहा मिनिटं झाल्यावर घंटी थांबली, मोटर लागली, पाणी पिकाकडे जाणाऱ्या दांडात पडू लागलं.

“आता घंटीच्या भरवशावर उतराल का, मामा?” मी विचारलं.

“आज नको इचारू,” ते म्हणाले. स्विचवरचा हात त्यांनी अजून काढला नव्हता.