वेटला स्थळ मिळेना

माझ्या धाकट्या जावेला, कौसल्याला, इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणालं तर त्याची माझ्याशी गाठ आहे. येतं तिला. भिवंडीच्या गोदामात सहा वर्षं बॉक्सांवर लेबलं चिकटवतेय, तीही रात्रपाळीला. सकाळी ती खारबावला घरी पोचते तेव्हा तिची रिया शाळेत गेलेली, आणि रिया येते तेव्हा हिची ड्युटीला निघायची घाई. पोरीला आई मिळते ती फक्त रविवारी.

टीम लीडर झालं की दिवसपाळी मिळते, पण मुलाखत इंग्रजीत. मागच्या खेपेला साहेबाने विचारलं, ट्रक उशिरा आला तर काय करता? आमच्या बाई म्हणाल्या, "वी वेट टू ट्रक." साहेब हसला. मेल्याला हसायला काय झालं? पण जागा गेली ती गेलीच.

मग सातवीतली रिया आईची मास्तरीण झाली. तिचं म्हणणं, क्रियापदापुढे कुठला बारका शब्द लावायचा ते ठरलेलं असतं, का म्हणून विचारायचं नाही, पाठ करायचं. कौसल्याला पाठ होईना. पण ही बाई आमच्याकडे उखाण्यांसाठी नावाजलेली. हळदीला नव्या नवरीचं तोंड उघडेना की हिलाच बोलावणं. एका रविवारी भाजी निवडता निवडता तिने क्रियापदांची लग्नंच लावायला घेतली.

"वज्रेश्वरीच्या कुंडाचं पाणी बारमाही ऊन, डिपेंडबाई नाव घेते, मालक माझे ऑन."

झालं, घरात लगीनघाई सुरू! लिसनला टू मिळाला, अ‍ॅग्रीला विथ. आमच्या सासूबाई ठमाबाई, इंग्रजीचं अक्षर ठाऊक नाही, पण दर रविवारी विचारायच्या, आज कुणाचं लगीन हाय? वेट तेवढी बिनलग्नाची राहिली. फॉरशी यमक जुळवायला चोर आणला, मोर आणला, कौसल्याला एकही पसंत पडेना. मी म्हटलं, मुलीत खोट नाही गो, तुझ्याच अटी फार.

पुन्हा मुलाखत लागली त्या दिवशी मी देवीला नारळ बोलून ठेवला. संध्याकाळी कौसल्या आली. रिया वही-पेन्सिल घेऊन समोर बसली, काय काय बोललीस ते सगळं सांग म्हणाली.

कौसल्याने सांगितलं, साहेबाला बघून उखाणे सगळे पळाले, एक आठवेल तर शपथ. बोलताना ती दोनतीनदा चुकलीही. शेवटी त्याने विचारलं, दिवसपाळीच कशाला पाहिजे?

"मग तू काय म्हणालीस?" रियाने विचारलं.

"म्हटलं, माय डॉटर वेट्स फॉर मी."

साहेब हसला का, असं मीच घाबरत विचारलं. नाही हसला. सोमवारपासून सकाळी ये म्हणाला.

मला तर रडूच फुटलं. ठमाबाई म्हणाल्या, "मंजी वेटचं लगीन झालं म्हनायचं."

रियाने चूक काढायला उचललेली पेन्सिल खाली ठेवली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली, एवढी घोडी झालीय तरी.