ट्रेलरवरचा जानोसा

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा माझ्या काकांनी लष्कराच्या मोडीतला, जीपमागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर घेतला आणि रोहिणखेडच्या सुताराकडून त्यावर तंबू बसवून घेतला. बाजूच्या फळ्या बिजागऱ्यांवर उघडल्या की दोन पलंग होत. वर लोखंडी कमानींवर ताडपत्री चढे आणि पुढची कनात दोर-खुंट्यांनी ताणली की घर तयार. त्यात चार माणसं झोपत. काका सहा सांगत.

माझ्या थोरल्या भावाचं लग्न साखरखेर्ड्याला ठरलं, तेव्हा तंबू तिथे न्यायचा असं काकांनी जाहीर केलं. जानोसा, म्हणजे वऱ्हाडी उतरवायची जागा, मुलीकडच्यांनी द्यायची असते. काकांना ते मान्य नव्हतं.

"दुसऱ्याचे ढेकून आपुन काऊन पोसाचे?"

काका वडिलांचे थोरले भाऊ; त्यांच्यापुढे बोलण्याची वडिलांना सवय नव्हती.

बाकीचे वऱ्हाडी एस.टी.ने गेले. जीपमध्ये काका, वडील, नवरदेव आणि मी. राजूर घाटात वळणावर समोरून मालट्रक आला आणि जीप मागे घ्यावी लागली. मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे वळतो, हे काकांना तिथे कळलं. शेवटी ट्रेलर सोडवून आम्ही तो हातांनी ढकलला. हळद लागण्याआधीच नवरदेव मुरमाने लाल झाला.

साखरखेर्ड्यात मुलीच्या वडिलांनी शाळेला चुना देऊन आत सतरंज्या अंथरल्या होत्या. भाजीपाला पिकवणारे, कमी बोलणारे गृहस्थ. काकांनी शाळेसमोरून जीप तशीच पुढे नेली आणि शेजारच्या मोकळ्या वावरात उभी केली.

"हे काय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"आमचा बंगला," काका म्हणाले. "नवरदेव अठीच राहीन. सीमांतपूजन अठीच करा."

"तुमच्या घरी येऊन मी तुमचंच स्वागत करू? माझ्याच गावात पाहुणा मी का तुम्ही? आमच्या छपराखाली पाठ टेकायची लाज वाटत असंल तर तसं सांगा. पूजन होणार नाही."

सीमांतपूजन नाही तर उद्याचं लग्न नाही, एवढं मलाही कळत होतं. भावाला जास्त कळत होतं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती आणि ते लपवण्यात त्याचे दोन महिने गेले होते. तो जीपमधून उतरलाच नाही.

काका हट्टाने कनात ताणू लागले. वैशाखातली काळी जमीन, हातभर खोल भेगा. पहिली खुंटी ठोकली, ती दातासारखी हलत राहिली. दुसरी भेगेत गेली ती गेलीच. काकांनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला.

"पानी लागलं काय हो?" शाळेच्या पायरीवरून आमच्याच एका वऱ्हाड्याने विचारलं. बाकीचे वऱ्हाडी तोवर सतरंज्यांवर पसरून चहा पीत होते.

तिसऱ्या खुंटीला कनात काकांच्या अंगावर कोसळली. आतून शिव्या येत होत्या. कापड जाड होतं, तरी शब्द स्पष्ट होते.

मुलीचे वडील हे सगळं पाहत होते. मग त्यांनी दोन गड्यांकडून गोठ्यातली पहार आणि बैल बांधायचे चार खुंटे आणवले. बाभळीचे, दीड हात लांब. गड्यांनी पहारीने खड्डे घेतले, खुंटे घणाने ठोकले, दोर बांधले. कनात ताठ उभी राहिली.

"वावर माझं, खुंटे माझे," मुलीचे वडील काकांना म्हणाले. "म्हणजे जानोसा माझा. आता मी पूजेला येतो. चालंल ना, व्याही?"

काकांनी जीपकडे पाहिलं. भाऊ दारातून अर्धा बाहेर आला होता. मग त्यांनी एका खुंट्याला लाथ मारून पाहिली. खुंटा हलला नाही.

"हाव," ते म्हणाले. "चालन."

दिवेलागणीला पूजन झालं. मुलीच्या वडिलांनी पाय धुतले तेव्हा भाऊ हसू दाबत खाली पाहत होता. काका स्वतःच्याच तंबूत पाहुणे म्हणून बसले आणि पाहुण्यासारखेच वागले. चहात साखर कमी आहे, म्हणाले.