मागचं दार

त्या महागाईच्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडत चालला होता. दौंडच्या रेल्वेतल्या गँगमनचा मी मुलगा, घराण्यातला पहिला बी.ए. शिरूरला नगरपालिकेच्या कचेरीत कारकून झालो याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू? रेशनला मिलो, ती अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिळे. दर सोमवारी महादेवाला बायकोसाठी साकडं घालायचो, पण ती खंगतच होती. विचारलं तर म्हणे, "काही नाही हो, मिलो पचत नाही." घरातला चिमूटभर गहू मात्र ती माझ्याच ताटात वाढत होती.

त्याच दिवसांत संडास साफ करणाऱ्या बायकांचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पगारात पोट भरत नाही, जादा धान्य द्या, एवढंच मागणं. 'अर्ज विहित नमुन्यात नाही' असा वळणदार शेरा मारून मी तो परत केला. खाली अंगठे होते. कोणाचे, ते पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी देवळातून घरी येतो, तोच मागच्या बोळातून हाक आली. आमच्या संडासातली मैल्याची टोपली उचलणारी ठकूबाई. तोवर तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

"सायेब, बाईस्नी दवाखान्यात न्या. रगत पडतंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? तुमी कागूद वाचता, मी टोपली वाचते. चार रोज झालं. बाई म्हनल्या, औषदाला पैका न्हाई, बोलू नगंस. मला ऱ्हावंना." मग टोपली उचलत म्हणाली, "का ह्ये बी नमुन्यात लिवून आनू?"

तसाच टांगा आणला. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर बाई हाती लागली नसती.

बायको उठून बसली त्या दिवशी तो अर्ज मी स्वतः नीट लिहून काढला, अंगठे पुन्हा घेतले. मंजुरी येईतो भादवा उलटला. तोवर टोपली उचलायला ठकूबाईची सून येऊ लागली होती.

"आत्याबाई गेल्या," ती म्हणाली. "रगतच पडत व्हतं. कुनाला बोलल्या न्हाईत."

त्यांच्या वस्तीला ना संडास, ना टोपली. वाचणार कोण?

महादेवानं माझं ऐकलं होतं. मी गाभाऱ्याकडं डोळे लावून बसलो आणि तो मागच्या बोळातून आला. ठकूबाईचे उपकार फेडायचे राहिले, ते राहिलेच. आता तो कोणत्या नमुन्यात यावा, हे मी त्याला सांगत नाही. सोमवारी देवळात निघण्याआधी मागचं दार उघडतो, हात जोडून उभा राहतो.