पसंतीला नेलेल्या चार साड्या

सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर माझं साड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत आमच्याकडे पद्धत अशी की ओळखीचं गिऱ्हाईक चार-सहा साड्या पसंतीला घरी नेतं, सासू-नणंदांना दाखवतं, आवडलेल्या ठेवतं आणि उरलेल्या परत आणतं. त्यासाठी मी वेगळी वही ठेवली आहे. वहीत नाव लिहिल्याशिवाय साडी बाहेर जाऊ द्यायची नाही, असा माझा नियम आहे. नवऱ्याचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी घड्या लावताना चार भारी साड्या कमी भरल्या. वहीत नाव नव्हतं. दिवसभर दुकानात नवरा होता, पण संध्याकाळी तो माल आणायला गोंदियाला निघून गेला होता आणि फोन उचलत नव्हता. आमचा कॅमेरा फक्त दार दाखवतो. त्यात केशोरीच्या एक बाई चारही साड्या पिशवीत कोंबून आरामात बाहेर पडताना दिसल्या. पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर.

सकाळी मी अर्ज लिहून पोलिसांकडे गेले. जमादारांनी तो वाचला.

"बाई, कलम ३८० लिहिलं तुम्ही. ते जुन्या कायद्यासोबत गेलं. नव्यात चोरीला ३०५."

"आणि शिक्षा?"

"तेवढीच. सात सालपर्यंत. वरून दंड."

मी तिथेच खोडून ३०५ केलं. जमादार म्हणाले, आधी जागा पाहू.

दुकानात पोचलो तर गोंदियाहून परतलेला नवरा चहा पीत होता आणि समोर त्याच बाई पिशवी घेऊन बसल्या होत्या.

"काऊन जी, साहेबही साडी घेऊन राहिले का?" त्यांनी हसत विचारलं.

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे.

"मीच म्हटलं, घरी दाखवून आणा," नवरा म्हणाला. "लिहायचं राहिलं."

"घ्या," जमादार म्हणाले. "आरोपीचा साक्षीदार फिर्यादीच्याच घरात."

त्यांनी अर्ज गादीवर ठेवला. बाईंना वाचता येत होतं. त्यांनी स्वतःच्या नावापासून कलमापर्यंत सगळा वाचला.

"सात वर्सं," त्या म्हणाल्या. "हे केशोरीले समजलं असतं त माह्या पोरीच्या दारात वरात आली असती का वो?"

मी म्हटलं, चूक झाली.

दोन साड्या ठेवायच्या म्हणून फॉल लावायला, दोन परत द्यायला, अशा चारही त्यांनी आणल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून गादीवर मांडल्या.

"मोजा."

"राहू द्या ना ताई."

"मोजा. साहेबासमोर."

मी मोजल्या. चार होत्या. "बरोबर आहेत," मी जमादारांना सांगितलं.

बाई रिकामी पिशवी घडी करून उठल्या. मुलीच्या साड्या त्यांनी अर्जुनीहून घेतल्याचं नंतर कळलं. लग्नाची पत्रिका मात्र दुकानात आली. तिच्यावर फक्त नवऱ्याचं नाव होतं. तो एकटाच जेवून आला आणि पंगत चांगली झाली म्हणाला.