बहिणीची शेड

आम्हा दोघी बहिणींचं मेकअपचं चॅनेल होतं. बसवनगुडीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत खिडकीपाशी आमचं शूटिंग चालायचं. कॅमेऱ्यापुढे मी, कारण मी गोरी. कॅमेऱ्यामागे माझी धाकटी बहीण, कारण ती काळी. असं कुणी ठरवलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खोटं आहे ते. आत्या-मावश्यांनी आम्ही लहान असतानाच ठरवून टाकलं होतं आणि मला ते सोयीचं पडलं, एवढंच.

ब्रँडना मेल लिहायचं काम तिचं. काय लिहायची पोरगी! बाकीच्या मुली 'मला तुमची उत्पादनं फार आवडतात' असा एकच मेल पन्नास कंपन्यांना ढकलतात. ही पंधरा-पंधरा दिवस एकाच कंपनीच्या मागे हात धुऊन लागायची. जयनगरला जाऊन त्यांच्या वस्तू आणायची, वापरायची, लोकांच्या तक्रारी वाचून काढायची. मग तिथे कोलॅबचं, म्हणजे चॅनेलवाल्यांकडून जाहिरात करून घेण्याचं काम कोण बघतं ते शोधून थेट त्याच माणसाला लिहायची. पाच-सहा ओळी, बस. आमचे व्हिडिओ कोण बघतं, ते काय विचारतात, तुमच्याकडे काय कमी पडतंय आणि आम्ही काय करून दाखवू. फॉलोअर्सचा आकडा सगळ्यात शेवटी.

"अगं, स्वल्प वाढवून सांग की," मी म्हणायचे.

"अक्का, ते तपासतात," ती म्हणायची आणि टाइप करत राहायची.

मागच्या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःसाठी मेल लिहिला. एका बड्या कंपनीने फाउंडेशनच्या गडद शेड काढल्या होत्या आणि जाहिरातीत मात्र सगळ्या गव्हाळ मुली. तिने लिहिलं, तुमची सगळ्यात गडद शेड मला बरोब्बर जुळते, आयुष्यात पहिल्यांदाच एखादी जुळली. ती लावलेला माझ्यासारखा चेहरा तुमच्या पानावर एकही नाही, तो मी दाखवते. सोबत खिडकीतल्या उजेडात काढलेला स्वतःचा छोटा व्हिडिओ जोडला. पाठवण्याआधी तिने मला सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "सरी, ठीक आहे, पाठव." मनात म्हटलं, येतंय कशाला उत्तर!

आलं. आणि फोनच आला, तोही माझ्या फोनवर, कारण चॅनेलवर नंबर माझा होता. बाई फार गोड बोलत होत्या. कल्पना एकदम आवडली म्हणाल्या. फक्त चेहरा तुमचा हवा, लोक तुम्हाला ओळखतात ना. मी विचारलं, पण शेड तर गडद आहे? त्या हसल्या. तुम्हाला थोडं सावळं करू, मेकअपच तर आहे!

तिथेच फोन आपटायला हवा होता मी. एरवी ऑटोवाल्याशी भर रस्त्यात कचाकचा भांडणारी बाई मी. पण इतकी मोठी कंपनी आमच्या दारात कधी आली नव्हती, आणि मी हो म्हणून बसले.

तिला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरात दोडके चिरत होती. "या वेळी मी, पुढच्या वेळी नक्की तू," मी म्हटलं.

"मेल माझ्यासाठी होता, अक्का."

यावर मी चिडले. हो, वर मीच चिडले! "चॅनेल दोघींचं आहे," म्हणून ओरडले. ती सरी म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

शूटिंग हेब्बाळच्या एका स्टुडिओत होतं. ती आली, कारण माझ्या चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा ते तिलाच ठाऊक. मेकअपवाल्याला काही केल्या रंग जमेना. माझं तोंड राखेसारखं दिसायला लागलं. कंपनीच्या बाई वैतागल्या आणि त्यांची नजर माझ्या बहिणीवर गेली. "अरे, हाच रंग हवाय! हिला जरा जवळ उभी करा."

ती पुढे आली, बाही वर सारली आणि आपला हात माझ्या गालाजवळ धरला. मेकअपवाला एकदा तिच्या हाताकडे बघे, एकदा माझ्या गालाकडे, आणि थर चढवत जाई. बराच वेळ चाललं ते. तिचा हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हाताने तिने कोपर सावरून धरलं. मी समोर आरशात सगळं बघत होते. थांबवा म्हणाले नाही. काय तोंड शिवलं होतं का माझं? आजही आठवलं की लाजेने जीव नकोसा होतो.

व्हिडिओ खूप चालला. 'ताई, सावळ्या किती गोड दिसता' असं लोकांनी लिहिलं. एडिटिंग तिनेच केलं होतं, कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर महिन्याभरात तिने नोकरी धरली. चॅनेलचा पासवर्ड एका कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला.

मध्यंतरी मी तिच्यासाठी एका दुसऱ्या कंपनीला मेल लिहिला. माझा पहिलाच. चार दिवस लागले. त्यांनी होकार दिला, तिलाच घेऊ म्हणाले. रविवारी सकाळी फोन घेऊन मी तिच्या खोलीत धावत गेले. तिने सगळं सावकाश वाचलं.

"चांगलं लिहिलंयस," म्हणाली आणि फोन माझ्या हातात परत दिला. "पण मी नाही करणार. तो व्हिडिओ एडिट करताना मी पन्नास वेळा पाहिला, अक्का. आता मलाच वाटतं, हा रंग तुलाच जास्त शोभतो."