गायीखालचे अंथरूण

चंद्रीने पुन्हा पाय आपटला. शेवंताबाईंनी चरवी चटकन मागे ओढली. तामलवाडीच्या त्या गोठ्यात सकाळची धार चालली होती आणि मी व माझी सहायक संशोधक वर्षा गायीच्या पायांकडे पाहत उकिडवे बसलो होतो. तिच्या गुडघ्यांखाली माश्या चिकटल्या होत्या, सगळ्यांची तोंडे वरच्या दिशेला.

"बघा गुरुजी," शेवंताबाई म्हणाल्या, "दिवसभर निस्ता थयथयाट. चाऱ्यात ध्यान न्हाय. दूध चोरती."

"म्हनून तर येत्या बाजारी इकायची," त्यांचा मुलगा भागवत दारातून म्हणाला. "दोनदा औषध फवारलं. चार दिस बरं, पाचव्या दिशी पुन्हा त्येच. गोठ्यात दुसरं जनावर आनलं तर त्येचीबी हीच गत."

देवणी जातीची ती गाय. तिची आई गेल्यावर शेवंताबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. त्या गायीच्या गळ्याखालच्या पोळीवरून हात फिरवीत राहिल्या.

ही चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच असते. फरक तोंडात. घरमाशी चाटते. हिच्या डोक्यापुढे सुईसारखी ताठ सोंड असते, तिने ही रक्त शोषते. नर आणि मादी, दोघेही. मी संस्कृत पाठशाळेत शिकून मग शेतकी कॉलेजात गेलेला मनुष्य. षट्पद, म्हणजे सहा पायांचा, हा शब्द मला भ्रमराच्या वर्णनातून आधी भेटला आणि सूक्ष्मदर्शकाखाली नंतर. पण त्या सोंडेची घडण जितक्यांदा पाहिली, तितक्यांदा घडविणाऱ्याला मनोमन हात जोडले आहेत. गायीला छळणारा जीव झाला, म्हणून त्याची रचना हलकी ठरत नाही.

फवारणीने मोठी माशी मरते. अळ्या जिथे वाढतात ती जागा तशीच राहिली, तर नवी पिढी निघत राहते. आम्हाला ती जागा शोधायची होती. मी महिनाभर शेणाची सॅम्पल्स लॅबमध्ये नेऊन, मडक्यात ठेवून, वर मलमल बांधून पाहत होतो. प्रत्येक मडक्यातून निघाली ती घरमाशी.

वर्षाने त्या दिवशी मच्छरदाणीच्या कापडाचे तीन तंबू आणले होते. असा तंबू जमिनीवर पालथा घातला की खालून जन्मणारी माशी आत अडकते. साधा ट्रॅप. एक तिने उकिरड्यावर लावला, दुसरा गव्हाणीपाशी. तिसरा चंद्रीच्या मागच्या पायांखालच्या अंथरुणाच्या कडेला.

"तिथे कशाला?" मी विचारले. "ते तर मीच सांगितलेले खत आहे."

"म्हणूनच लावला, सर."

येथे थोडे स्पष्ट करायला हवे. गव्हाणीत उरलेला चघळलेला कडबा गायीखाली पसरावा, त्यात गोमूत्र मुरू द्यावे, महिनाभर हलवू नये, म्हणजे उत्तम खत होते, असे मी अनेक वर्षे गावोगाव सांगत आलो होतो. शेवंताबाई तो उपदेश व्रतासारखा पाळत होत्या. गावात इतर कोणी इतक्या निष्ठेने पाळला नव्हता. आणि इतर कोणाच्या गोठ्यात इतकी माशीही नव्हती. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

बाजाराला दोन दिवस असताना आम्ही परत गेलो. पहिल्या दोन तंबूंत घरमाश्या होत्या. तिसऱ्यात ताठ सोंडेच्या चावऱ्या माश्या, मोजण्यापलीकडे. वर्षाने अंथरुणाचा थर उचकटला. ओलसर, कुजलेल्या कडब्यात गव्हाच्या दाण्याहून बारीक, तपकिरी कोष पसरले होते.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले, हे पहिले प्रमाण आणि जाणत्याचा शब्द शेवटचे. मी आयुष्यभर हे शिकवले आणि गोठ्यात मात्र स्वतःच्या शब्दालाच प्रमाण धरले. त्या मुलीने कापडाचा एक तुकडा अंथरून मला पहिल्या पाठावर आणून बसवले.

मी ओसरीवर जाऊन सांगितले, "शेवंताबाई, चूक माझी आहे. हे अंथरूण दर चार दिवसांनी उचला आणि उन्हात पातळ पसरा. ओल गेली की अळी मरते. पण आताच्या माश्या संपेपर्यंत तीन आठवडे जातील. भागवत, तीन बाजार थांब."

भागवत हसला. "घालाय तुमीच सांगितलं, काढायबी तुमीच सांगताव. चौथ्या बाजारी काय सांगनार, गुरुजी? गायीला सोलापूरच्या दवाखान्यात न्या म्हनून?"

उत्तर शेवंताबाईंनी दिले.

"गप रं. औषध इकाय आलेलं मानूस न्हाय त्ये. आपली चूक सांगाय कोन येतंय का एवढ्या उन्हाचं? तीन बाजार म्या थांबनार."

पुढचे श्रेय सर्वस्वी त्यांचे. मी चार दिवस सांगितले होते. त्या रोज अंथरूण काढू लागल्या. पसरलेल्या कडब्यावर त्यांनी कोंबड्या सोडल्या. कोंबड्यांनी उकरून अळ्या नि कोष वेचले, आणि उकरलेला कडबा लवकर वाळला. ही युक्ती आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हती. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी ऊन सांगितलं. कोंबड्या मोकळ्याच हुत्या."

तिसऱ्या बाजारी भागवतचा फोन आला. "गुरुजी, गाय ठिवली. माशी हाय, पर मोजून दहा-पाच. आई म्हनती, खताचं काय करायचं त्येबी सांगा."

वाळवून झाकलेल्या खड्ड्यात घाला, म्हणालो. वर्षाने तेही आधी करून पाहिले होते.

राहिला रिपोर्ट. आमच्या विभागाचे प्रमुख म्हणाले, "सुधारित शिफारस असे लिहू. चूक हा शब्द कशाला?"

"कारण जुने माहितीपत्रक अजून घरोघर आहे," मी म्हणालो. "सुधारणा म्हटले तर लोक दोन्ही पाळतील."

चूक हा शब्द राहिला. वर्षाचे नाव माझ्या आधी छापले गेले आणि कोंबड्यांच्या परिच्छेदात शेवंताबाईंचे. माझ्याकडे येणाऱ्या नवशिक्यांना आता मी एवढेच सांगतो: सल्ला कोणी ऐकला नाही, तर शास्त्रज्ञाचे फारसे बिघडत नाही. ज्याने तो तंतोतंत ऐकला, त्याच्या गोठ्यात मात्र आधी जाऊन यावे.